छातीवरचा हात

मिस मोझेल टार्व्हर आमचे हातमोजे नाकाशी धरून तपासायच्या. ते नुसते पांढरे असून भागायचं नाही, त्यांना निळीचा ताजा वास यायला हवा. वास आला नाही की त्या हातमोजे परत हातावर ठेवायच्या, आणि त्या रविवारी त्या मुलीनं मागच्या बाकावर बसून इतरांचं काम बघायचं.

आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या दाराशी उभं राहून आलेल्या माणसाला बाकापर्यंत नेऊन बसवायचं, हे आमचं काम. अशर म्हणायचे आम्हांला. उपासना सुरू झाली की अशरनं तोंड उघडायचं नाही, मग छपराला आग का लागेना. डावा हात पाठीमागे मुठीत ठेवायचा आणि सगळं उजव्या हातानं बोलायचं. जितकी बोटं दाखवली तितकी माणसं. हात कानाशी नेला की हातपंखा पाठवा. दोन्ही हात पोटावर म्हणजे कुणावर तरी पवित्र आत्मा उतरलाय, तिची टोपी आणि चष्मा सांभाळायला माणूस द्या. आणि उजवा तळवा छातीवर ठेवला की इथे जागा आहे, पाठवा.

मला हे काम फार आवडायचं. गावच्या सिनेमाघरात आम्ही काळी माणसं माडीवर, बसमध्ये मागच्या बाकांवर. कुणी कुठे बसायचं हे आठवडाभर दुसरेच ठरवायचे. रविवारी हातमोजे चढवले की ते मी ठरवायची. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करणारी आर्लिथा टॉलिव्हर त्या दारात उभी राहिली की माझे पपासुद्धा, चर्चचे डीकन म्हणजे कारभारी असून, मी दाखवीन त्या बाकावर बसायचे.

जॉर्जियातलं आमचं कॉटर म्हणजे एक लाकूडगिरणी, एक लाँड्री, रेल्वेचं ठाणं आणि ओढ्याच्या दोन काठांवर आमच्या लोकांची दोन चर्चं. अलीकडे आम्ही, पलीकडे मेथडिस्ट. आम्ही बाप्तिस्मा देताना माणसाला ओढ्यात पार बुडवून काढतो. ते डोक्यावर चार थेंब शिंपडतात. पपा त्यांना शिंपडे म्हणायचे.

“माणसाला न्हाऊ घालायचं तर नीट घाला,” पपा म्हणायचे. “हे काय, कोबीच्या रोपाला पाणी घातल्यासारखं!”

एझेल गॅस्किन शिंपडा होता. बर्फाच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा, आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या मागच्या ओसरीवर बर्फाची लादी आणून टाकायचा. तोही त्याच्या चर्चचा अशर होता. त्यामुळे ट्रक वळता वळता तो खिडकीतून बोटं दाखवायचा, मी कपडे वाळत घालता घालता बोटांनी उत्तर द्यायची. बोटांचा हिशेब दोन्ही चर्चमध्ये एकच होता. आईला वाटायचं मी चिमटे मोजतेय.

त्या वर्षी मे महिन्यात एका शुक्रवारी त्यानं लादी ठेवली आणि तिथेच उभा राहिला.

“आर्लिथा, मला घर मिळालंय. गिरणीमागे. दोन खोल्या.”

“बरं मग?”

“एकट्याला मोठं पडतं.”

“एक खोली भाड्यानं दे.”

“रविवारी तुला एक विचारायचंय,” तो म्हणाला. “पण तोंडानं जमणार नाही.”

“का, दात दुखतोय?”

“बोटांनी विचारीन. तू बघ म्हणजे झालं.”

आणि बर्फ उचलायचा लोखंडी आकडा माझ्याच पायरीवर विसरून तो निघून गेला. शेजारच्या घरी लादी हातांनी ओढत नेली असणार बिचाऱ्यानं.

ज्या महिन्यात पाच रविवार येतात त्या महिन्याच्या पाचव्या रविवारी आमची दोन्ही चर्चं एकत्र उपासना करत. एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. मेच्या पाचव्या रविवारी पाळी आमची होती. दार आणि बाक मिस मोझेलनी आमच्याच हाती ठेवले होते, मेथडिस्ट अशर फक्त पंखे वाटत होते. गायकवृंद उभा राहिला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, आणि पलीकडच्या वाटेवरून एझेलनं मला दोन बोटं दाखवली. मग स्वतःकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि तळहात वर करून, भुवया उंचावून उभा राहिला.

मी हातमोजा बोटांवर नीट ओढून घेतला. आणि उजवा तळवा छातीवर ठेवला. अगदी व्यवस्थित, मिस मोझेलनी शिकवला होता तसा. जागा आहे, ये.

एझेलचा चेहरा पडला. त्यानं मान किंचित लववली, ओठ ताणून हसल्यासारखं केलं आणि उरलेले पंखे घेऊन मागे गेला. उपासनेनंतरच्या जेवणालाही थांबला नाही.

पुढच्या मंगळवारी बर्फ घेऊन दुसराच कुणी आला. शुक्रवारीही तोच. मला वाटलं, पपांशी बोलायचा धीर गोळा करत असेल. दोन आठवडे वाट बघितली. मग मला समजलं तसं मी समजून घेतलं. गंमत केली त्यानं, आणि मी हो म्हटल्यावर घाबरून पळाला. एकदा तो दुकानासमोर दिसला. मी रस्ता ओलांडला. त्यानंही ओलांडला, दुसऱ्या बाजूनं. विचारायला जाईन मी? माझ्या आईची मुलगी आहे मी.

“मावशी कधीची बोलावतेय तुला,” आई म्हणाली. “डेट्रॉइटला जा. तिथली पोरं विचारलं की उत्तराला थांबतात.”

मी काही बोलले नव्हते, तरी आईला सगळं ठाऊक होतं. मी हो म्हणाले. ऑगस्टच्या पाचव्या रविवारची उपासना झाली की सोमवारी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. मावशीनं तिथल्या लाँड्रीत शब्दही टाकून ठेवला. मला डेट्रॉइट नको होतं असं नाही. पण रात्री डोळे मिटले की दिसायच्या त्या गिरणीमागच्या दोन खोल्या, ज्या मी आतून पाहिल्यासुद्धा नव्हत्या.

ऑगस्टची पाळी मेथडिस्टांकडची. त्यांच्या अशरांचे प्रमुख ब्रदर क्राउडर म्हणजे काठीसारखे सरळ गृहस्थ, बोलताना टाचा जुळवायचे. मेमध्ये फक्त पंखे वाटायला मिळाल्याचा राग त्यांनी तीन महिने जपून ठेवला होता. शेवटी असं ठरलं की या वेळी दोन्हीकडचे अशर मिसळून उभे राहतील. मिस मोझेल मुख्य दाराशी, ब्रदर क्राउडर बाजूच्या दाराशी. मधल्या वाटेवर एझेल, त्याच्या खुणा मिस मोझेल वाचणार. खिडकीकडच्या वाटेवर मी, माझ्या खुणा ब्रदर क्राउडर.

मी एझेलकडे बघायचं नाही असं ठरवून उभी राहिले. तोही बघत नव्हता. बघत नाही हे मला नीट दिसत होतं.

सुरुवात बरी झाली. मग मधले बाक भरले आणि एझेलनं छातीवर हात ठेवला. दारातून मिस मोझेलनी लगेच सिस्टर बर्डी मोल्ट्रींना पाठवलं. सिस्टर बर्डी रुंद बाई, डोक्यावर मेणाच्या चेरींची टोपी, मागे नातवंडांची रांग. त्या एझेलच्या बाकाशी आल्या आणि थांबल्या. बाकावर तसूभर जागा नव्हती.

एझेलनं दाराकडे बघून छातीवर हात अजून घट्ट दाबला. मिस मोझेलनी मान डोलावली आणि आणखी एक जोडपं पाठवलं. एझेलनं दोन्ही हात छातीवर ठेवले. मिस मोझेलचा चेहरा उजळला, त्यांनी एक अख्खं कुटुंब आत सोडलं.

“अरे बाळा,” सिस्टर बर्डी भर उपासनेत म्हणाल्या, त्या काही अशर नव्हत्या, “मी काय आता तुझ्या मांडीवर बसू?”

इकडे माझ्या वाटेवर उलटीच तऱ्हा. खिडकीलगतचा लांबलचक बाक रिकामा होता. मी छातीवर हात ठेवला. ब्रदर क्राउडरांनी खेदानं मान हलवली आणि दार लोटून घेतलं. मी परत हात ठेवला. त्यांनी दारातल्या लोकांची क्षमा मागून त्यांना बाहेर उन्हात, खिडक्यांपाशी नेऊन उभं केलं. त्यात माझे पपाही होते. आईची पातेली उतरवून घेण्यात त्यांना उशीर झाला होता. ते खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून एकदा रिकाम्या बाकाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

“आर्लिथा,” ते दातांतून म्हणाले, “तो बाक देवदूतांसाठी राखून ठेवलायस का?”

 शेवटी मी जागा सोडली आणि काय चाललंय ते विचारायला बाहेरच्या दालनात गेले. तिथे मिस मोझेल आणि ब्रदर क्राउडर समोरासमोर उभे होते आणि शक्य तितक्या हळू आवाजात भांडत होते.

“क्राउडर, तुमच्या त्या पोराला काय झालंय? छातीवर हात ठेवून बोलावतो काय आणि बर्डीला वाटेत उभं करतो काय!”

“बोलावतो? तो बिचारा मघापासून जीव तोडून सांगतोय की जागा नाही!”

“छातीवर हात म्हणजे जागा आहे. माझ्या आईच्या काळापासून.”

ब्रदर क्राउडरांनी टाचा जुळवल्या. “आमच्याकडे छातीवर हात म्हणजे, माफ करा, इथे जागा नाही. माझ्या आजीच्या काळापासून.”

“तुमची आजी चार थेंबांत भिजली होती, तिचं काय सांगता!”

मी तिथेच भिंतीला टेकले.

“ब्रदर क्राउडर,” मी म्हणाले, “समजा एकानं दोन बोटं दाखवून विचारलं. आणि समोरच्यानं छातीवर हात ठेवला. तर?”

“तर काय, विचारणाऱ्यानं मुकाट्यानं दुसरीकडे जावं. आमच्या पोरांना तेवढी शिस्त आहे.”

“तू जागा सोडून आलीस?” मिस मोझेल मला म्हणाल्या. पण मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. मे महिन्यात मी त्या माणसाला भर चर्चमध्ये, पांढरे हातमोजे घालून, माफ कर, जागा नाही म्हटलं होतं. आणि तो शिस्तीनं दुसरीकडे गेला होता.

मी आत आले तेव्हा रेव्हरंडनी प्रार्थना सुरू केली होती. प्रार्थना चालू असताना दारं बंद असतात आणि अशरनं जागचं हलायचं नसतं. पण डोळे उघडे ठेवायची मुभा फक्त अशरांना. सगळ्या माना खाली, सगळे डोळे मिटलेले, आणि त्या भरलेल्या खोलीत जागे जणू फक्त आम्ही दोघं. सिस्टर बर्डींना कुणीतरी कसंबसं दाटीवाटीनं सामावून घेतलं होतं आणि एझेल मुख्य दाराजवळ सरकला होता. प्रार्थनेनंतर झाडाखाली जेवण होतं आणि सरबताचा बर्फ आणायला त्यालाच जायचं होतं. आमेन झालं की तो जाणार, बर्फ मागच्या दारी टाकून पसार होणार, सबंध उन्हाळा मला टाळला तसा आजही टाळणार. आणि सकाळी माझी गाडी.

मी त्याच्याकडे रोखून बघत राहिले. शेवटी त्यानं वर पाहिलं. मी दोन बोटं दाखवली.

त्यानं शिस्तीत सिस्टर बर्डींच्या, जागेअभावी दाराशी उभ्या राहिलेल्या दोन नातवांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना पायाच्या बोटांवर माझ्याकडे पाठवलं.

मी त्यांना बाकावर ढकललं. पुन्हा दोन बोटं. स्वतःकडे बोट, त्याच्याकडे बोट. एझेलनं विचार केला आणि आणखी दोन नातवंडं पाठवली. आता छातीवर हात ठेवायची माझी छाती नव्हती. जागा आहे हे त्यांच्याकडे कसं म्हणतात? मला येत नव्हतं. मी हात पसरले, मान हलवली, तो गोंधळून बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा मे महिन्यातल्यासारखा बंद झाला. त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

रेव्हरंड श्वास घ्यायला थांबले. ते असे थांबले की चर्चमध्ये पंखेसुद्धा थांबत.

“एझेल गॅस्किन!” मी ओरडले. “जागा आहे! मे महिन्यापासून आहे!”

मिस मोझेलनी दाराशीच डोळे मिटून घेतले.

रेव्हरंड वयस्कर होते आणि त्यांना एका कानानं ऐकू येत नसे. त्यांनी हात उंच केले. “होय प्रभू! ही बहीण साक्ष देते! तुझ्या घरी जागा आहे!”

“जागा आहे!” पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या.

“जागा आहे!” सगळं चर्च म्हणालं. कुणीतरी पायानं ठेका धरला.

“आहेच मुळी!” खिडकीतून पपा गरजले. “मघापासून तेच सांगतोय! तो अख्खा बाक रिकामा आहे!”

सिस्टर बर्डींनी टोपी सरळ केली आणि मागे वळून बघितलं. “प्रभूला नाही म्हणत ती,” त्या म्हणाल्या. “या बर्फवाल्याला म्हणतेय. उभा काय राहिलास, ठोंब्या?”

हळूहळू ठेका थांबला. एझेल मुठीवरचा हात काढून मधल्या वाटेवर आला. मी उजवा हात वर केला, तसा तो घाईघाईनं म्हणाला, “नको! हातानं नको. तोंडानं सांग. किती जागा?”

“दोन,” मी म्हणाले. “एक तुझी, एक माझी. त्या दिवशीही तेच सांगितलं होतं. तुमचे लोक उलटं वाचतात त्याला मी काय करू?”

“आमचे उलटं वाचतात?”

“पोरांनो,” रेव्हरंड म्हणाले. आता त्यांना कुणीतरी कानात सगळं सांगितलं होतं. “मी आमेन म्हणू का?”

आमेन झालं.

झाडाखाली तळलेल्या कोंबडीची, बटाट्याच्या सॅलडची, रताळ्याच्या पायची पातेली उघडली गेली, पण कुणाचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. ज्याला त्याला छातीवर हात ठेवून दुसऱ्याला विचारायचं होतं, आहे का, नाही का. मिस मोझेलनी मला बाजूला घेतलं.

“वाटेवर उभं राहून बोललीस,” त्या म्हणाल्या. “नुसती बोलली नाहीस, ओरडलीस. ख्रिसमसपर्यंत हातमोजे माझ्याकडे.”

“हो, मॅम.”

“सोमवारी जातेयस म्हणे. मग शिक्षेचा काय उपयोग?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “शिक्षा भोगायला माणूस गावात लागतं.”

पपा एकटेच टेबलाच्या टोकाला बसले होते. एझेल टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी आईच्या मागे.

“डीकन टॉलिव्हर, सर. मला तुमच्याशी बोलायचंय.”

“सगळ्या गावाशी बोलून झालं. मीच तेवढा खिडकीबाहेर राहिलो होतो.” पपांनी कोंबडीचा तुकडा खाली ठेवला. “तुमच्यात बाप्तिस्मा कितव्या वर्षी करतात?”

“तान्हेपणी, सर.”

“म्हणजे तुला आठवतसुद्धा नाही. पोहता येतं?”

“येतं, सर.”

“मग बुडायला हरकत नसावी.”

“माझी आई रडेल, सर.”

पपांनी कोंबडीचा तुकडा पुन्हा उचलला. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ओढा आहे तिथेच राहील, लॉन्झो. आधी पोराला जेवू दे.” पपांनी पेला उचलून सरबताचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कोमट आहे.”

“बर्फ आणायचा राहिला, सर,” एझेल म्हणाला. “आत्ता आणतो.”

“मीपण जाते,” मी म्हणाले.

पपांनी एझेलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ पेल्यात. “उजेड असेतो या,” ते म्हणाले.

आम्ही ट्रकनं कारखान्यापर्यंत गेलो. त्यानं इंजिन बंद केलं तरी दोघंही उतरलो नाही.

“तीन महिने,” तो म्हणाला. “मी तो चुलीचा पाइपसुद्धा परत करायला निघालो होतो.”

“चूल घेतलीस?”

“घेतली. धूर खोलीत येतो.” तो समोर बघत होता. “आर्लिथा, गाडी सकाळची ना? तुला डेट्रॉइट बघायचं असेल तर जा. खरंच सांगतो. मला एकदा ‘नाही’ असं कळलं म्हणून राग आला होता, आता राग नाही. मी थांबेन. तू तिकडून सांग काय ते. फक्त हातानं सांगू नकोस.”

हे तो म्हणाला नसता तर मी कदाचित गेलेही असते, हे मी त्याला पुढे कधीतरी सांगितलं, आमची थोरली लेक रांगायला लागली होती तेव्हा. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, “त्या खोल्यांना खिडक्या किती आहेत?”

“तीन. एक उघडत नाही.”

“ती कशी उघडत नाही ते बघायचंय मला.”

“आत्ता?”

“बर्फ दे आधी. पपा कोमट पीत बसलेत.”

माझी ट्रंक शनिवारीच पुढे डेट्रॉइटला रवाना झाली होती. ती परत येईपर्यंत दोन महिने मी मिस मोझेलचे झगे घालून हिंडले. ते मला घोट्यापर्यंत यायचे आणि त्या सगळ्यांना निळीचा वास यायचा.